डॉक्टरीणबाईंचे मिस्टर

८ जानेवारी

प्रिय डॉक्टर,

निघताना तू म्हणालीस, "फोन करू नकोस. फोनवर तू अभिनय करतोस. काही सांगावंसं वाटलं तर लिहून पाठव." म्हणून लिहायला बसलोय. दोनदा लिहून फाडलं. पहिलं फार रडकं झालं होतं, दुसरं फार विनोदी. हे मधलं आहे, चालवून घे.

आई बऱ्या आहेत. मुलगी नोकरीसाठी परगावी आणि तिची आई मात्र जावयापाशी, या हिशेबानं आपल्या बिल्डिंगमधल्या लोकांची मोठी पंचाईत झाली आहे. नेमकं कुणाचं भांडण कुणाशी, हे त्यांना लागत नाही. आईंनी सगळ्यांना एकच उत्तर देऊन ठेवलंय, "त्यांचं ते बघतील. माझी खोली इथे आहे." मलाही तेच सांगितलं. तुझी बाजू घेतली नाही, माझीही नाही. फक्त संध्याकाळी टीव्ही लावला की मला शेजारी बसवून माझीच मालिका बघतात आणि चुका काढतात.

आज शूटिंगला मोठं ऑपरेशन होतं. मी नेहमीप्रमाणे हृदयाचा मोठा सर्जन, समोर ती शिकाऊ डॉक्टर. पेशंटची छाती उघडलेली. डायरेक्टर म्हणाला, "सर, इथे तुम्ही मास्कच्या वरून तिच्याकडे बघता. तिला पहिल्यांदा कळतं की ती तुमच्या प्रेमात आहे." मी विचारलं, तिला कळतं की मला? तो म्हणाला, "तुम्हाला सगळं आधीपासून माहीत असतं सर, तुम्ही मोठे डॉक्टर आहात." मग आम्ही बघत राहिलो. कॅमेरा आमच्याभोवती पूर्ण फिरून आला. मी म्हटलं, पेशंटचं काय? "तो झोपलाय सर."

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोवर गार झाला असेल बिचारा."

तू समोर असतीस तर हे ऐकून हसली असतीस की कपाळाला हात लावला असतास, याचा विचार करत बसलो होतो. बोटाला सुई टोचली तरी मला गरगरतं आणि तरी रस्त्यात माणसं मला नाडी दाखवतात. तू रोज खऱ्या पोरांची खरी हृदयं उघडून शिवतेस आणि तुला कुणी ओळखत नाही. यात मला पूर्वी गंमत वाटायची. तुला वाटायची का, हे मी कधी विचारलं नाही, आत्ता विचारतो.

तुझा,
नट


२ फेब्रुवारी

प्रिय डॉक्टर,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. हे मी शुभ धरतो.

आज जरा वाईट दिवस गेला. कथेत त्या शिकाऊ डॉक्टरला परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्ती मिळते. ती तिकीट घेऊन मोठ्या डॉक्टरांचा निरोप घ्यायला वॉर्डात येते. मोठे डॉक्टर तिच्या हातातलं तिकीट काढून घेतात, फाडतात आणि म्हणतात, "माझ्या हृदयावरचं ऑपरेशन अर्धवट सोडून तू जाऊ शकत नाहीस." मग ती रडत त्यांच्या मिठीत. मागे नर्सेस टाळ्या वाजवतात. पेशंटसुद्धा वाजवतात, ज्यांच्या हाताला सलाइन आहे तेही.

मला ते तिकीट फाडता येईना. म्हणजे कागद फाटत होता, पण डायरेक्टर सारखा म्हणत होता, "सर, तुम्ही लाइटचं बिल फाडल्यासारखं फाडताय. प्रेम दिसत नाही." शेवटी थांबलो आणि लेखिकाबाईंकडे गेलो. त्या कोपऱ्यात बसून पुढचा भाग लिहीत होत्या.

"हा तिच्याबरोबर का जात नाही?" मी विचारलं.

"जाऊन काय करेल तिथे?"

"काहीही करेल. ती हॉस्पिटलात जाईल, हा घर बघेल."

आजूबाजूचे सगळे हसले. मेकअपवाला तर खाली बसून हसला. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. लेखिकाबाई मात्र हसल्या नाहीत, मान खाली घालून लिहीत राहिल्या.

सीन झाला. नायिकेचं काम करणारी मुलगी चहा घेताना म्हणाली, "सर, माझ्या आईला हा भाग भयंकर आवडणार. मला विचाराल तर माझं तिकीट कुणी असं फाडलं तर मी सरळ पोलिसात जाईन." तिचं लग्न ठरलंय. मुलगा बँकेत आहे आणि हिच्या शूटिंगच्या वेळा सांभाळून साखरपुड्याची तारीख काढतोय. असला माणूस आमच्या मालिकेत कुठे बसवावा, कुणाला कळणार नाही.

विचार करून बघितलं. आमच्या मालिकेत लेडी डॉक्टर बऱ्याच आहेत, पण नवरा कुणालाच नाही. एकीचा होता, तो संशयी होता आणि पहिल्याच महिन्यात घाटात अपघातात गेला. डॉक्टरांच्या बायका मात्र भरपूर, सगळ्या ताट वाढून वाट बघणाऱ्या. तू थकून आलीस की आपल्याकडे पाणी कोण द्यायचं? मी घरी असलो तर मी. पण मी बहुतेक वेळा शूटिंगवर, तिथे थकल्याचं सोंग करत.

नट


१९ फेब्रुवारी

प्रिय डॉक्टर,

तिकीट फाडायचा भाग काल लागला. आईंनी शेवटपर्यंत बघितला, टीव्ही बंद केला, आणि मला जेवायला वाढलं ते माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, अहो आई, ते मी नाही, तो मोठा डॉक्टर. त्या म्हणाल्या, "चेहरा तुमचाच होता जावईबापू."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझं अकरावीचं पुस्तक माझ्या वडिलांनी असंच काढून घेतलं होतं. फाडलं नाही, कपाटावर ठेवलं. प्रेमानंच. मला ते प्रेम आहे हे पण कळत होतं." मग आमटी हवी का विचारलं. तुला हे कधी सांगितलं होतं का त्यांनी?

पण आज सकाळी वेगळंच झालं. भाजी घेताना एक बाई जवळ आल्या. तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. हातात पिशव्या, गळ्यात कुठल्याशा ऑफिसचं ओळखपत्र. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बरं केलंत थांबवलंत तिला. मी रडले काल." मी काहीतरी पुटपुटलो. तशा त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी कधी अडवलंच नाही हो. जा म्हणाले, ये म्हणाले, सगळं आमचं आम्हीच. आपण गेलो तर कुणाच्या काळजात काही होतंय, एवढं तरी दिसावं माणसाला." आणि निघून गेल्या.

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा राहिलो. मालिकेवर हसणं सोपं आहे, मीच रोज हसतो. पण त्या बाईंना त्या फाडलेल्या कागदात काय दिसलं, ते मला तेव्हा कळलं. तू निघालीस त्या दिवशी मी तुझी बॅग टॅक्सीत ठेवली, पाण्याची बाटली दिली, खिडकीची काच वर कर म्हणालो. तिकीट फाडलं नाही हे ठीकच झालं. पण माझ्या काळजात काही झालं हे तुला दिसलं का? झालं होतं.

आणखी एक. हे लिहू नका असं आईंनी बजावलंय, म्हणून शेवटी लिहितो. त्या हल्ली जिना चढताना मध्येच थांबतात. विचारलं की म्हणतात, चप्पल नीट करतेय. काल चप्पल हातात होती तरी थांबल्या. मी टीव्हीवरचा डॉक्टर, मला काय कळणार. तू एक ओळ लिही, काळजी करू की नको.

नट


२१ मार्च

प्रिय डॉक्टर,

एका ओळीऐवजी तुझा फोन आला, आणि मी "हॅलो" म्हणायच्या आत तू म्हणालीस, "आत्ताच्या आत्ता तिला हॉस्पिटलात घेऊन जा." त्या फोनवर अभिनय करायला सवडच मिळाली नाही.

आईंसाठी धावत आलीस, आता परत तुझ्या गावी पोचली असशील. इकडचं सांगतो. आई घरी आल्या आहेत. स्टेंटची जाळी बसवलेली हृदयाची रक्तवाहिनी व्यवस्थित आहे असं काल तुझ्या मैत्रिणीनं, म्हणजे त्यांच्या डॉक्टरनं, सांगितलं. जिना सध्या बंद. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात आणि दोघी मिळून माझ्या मालिकेची चिरफाड करतात. आईंचं म्हणणं असं, की खऱ्या हॉस्पिटलात कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही, सगळे यंत्राकडे बघतात. आणि कुणाचं प्रेम असलं तर ते डबा आणण्यात दिसतं.

त्यांच्या वॉर्डातला तो ब्रदर तुला आठवतो का, उंच, दाढीवाला? आमच्या मालिकेत पुरुष नर्स एकच आहे आणि तो दिसला की विनोदी संगीत वाजतं. या माणसानं आईंचे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घातल्या, नळ्यांत अडकू नयेत म्हणून. मी विचारलं, कुठे शिकलात? तो म्हणाला, "मुलगी आहे घरी. सकाळची ड्यूटी नसली की मीच घालतो." त्याच्याकडून मी शिकून घेतलं. आता मीच घालतो. डावी बाजू थोडी सैल होते.

आता हॉस्पिटलातल्या त्या फाइलवाल्या गृहस्थांबद्दल लिहितो. तू तिथेच होतीस, पण फाइल बघत होतीस, म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही.

तू स्टेशनवरून थेट आली होतीस, बॅग पायाशी होती. आईंना आत नेलं होतं आणि आपण दोघं बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो होतो. ते गृहस्थ फाइल घेऊन धावतच आले. "डॉक्टरसाहेब, देवासारखे भेटलात. मिसेसचा रिपोर्ट आहे, एवढा नजरेखालून घाला."

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. या डॉक्टर आहेत."

त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तुझ्या चुरगळलेल्या कपड्यांकडे बघितलं, म्हणाले, "बसा ताई, बसा तुम्ही," आणि फाइल परत माझ्याच हातात दिली. तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. स्वतःची आई आत टेबलावर असताना तू त्या माणसाला सावकाश समजावून सांगितलंस, की झडप नीट मिटत नाही, रक्त थोडं मागे येतं, आधी औषधं देऊन बघतील, आज घाबरण्यासारखं काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, बाई म्हणतात ते बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "मला त्यातला एक शब्द कळला नाही. त्या लहान मुलांची हृदयं दुरुस्त करतात. मी त्यांचा नवरा."

"म्हणजे तुम्ही डॉक्टरीणबाईंचे मिस्टर."

"हो," मी म्हटलं.

शूटिंग संपल्यावर मेकअप पुसला की चेहऱ्याला गार हवा लागते ना, तसं झालं मला. तू फाइलमधून मान वर न करता हसलीस. आवाज आला नाही, पण खांदे हलले. कित्येक महिन्यांनी ते खांदे असे हलताना बघितले.

आता स्टेशनचं. गाडी सुटायच्या आधी तू म्हणालीस, "मला तिथे कायम केलंय. मी हो म्हटलंय." मी "छान झालं" म्हणालो. तू विचारलंस, "हा अभिनय की खरं?" आणि गाडी हलली, म्हणून उत्तर राहिलं.

खरं होतं. घरी येऊन खूप वाईट वाटलं, तेही खरं होतं.

नट


१४ एप्रिल

प्रिय डॉक्टर,

मी मेलो नाही, पण माझा चेहरा बदलतोय. सविस्तर सांगतो.

तू गेल्यावर मी लेखिकाबाईंना परत भेटलो. म्हटलं, त्या मुलीला जाऊ द्या, आणि मोठ्या डॉक्टरांना तिच्या मागून पाठवा. तिकडे त्यांना कुणी ओळखत नाही, ती कामाला जाते, हे भाजी आणतात, स्वयंपाक जाळतात, वाट बघतात. विनोदी संगीत न वाजवता दाखवा. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मी हे गेल्याच वर्षी लिहून दिलं होतं. मीटिंगमध्ये मला विचारलं, बाई, तुम्हाला हिरो हवाय की घरगडी?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. माझा नवरा घरी दोन्ही पोरांचा अभ्यास घेत होता, म्हणून मी त्या मीटिंगला बसू शकले होते. तेवढं तिथे बोलता आलं नाही."

तरी त्यांनी पुन्हा लिहून बघितलं. पुन्हा नाही म्हणाले. कराराची मुदत याच महिन्यात संपत होती. मी पुढची सही केली नाही. आता मोठ्या डॉक्टरांना अपघात होईल, पट्ट्या बांधतील, आणि पट्ट्या सुटतील तेव्हा आतून दुसरा नट निघेल. माझ्यापेक्षा तरुण आहे, छातीही रुंद आहे. त्याला तिकीट फाडायला जमेल.

हे मी तुला आठवडाभर सांगितलं नाही आणि पहिले काही दिवस आईंनाही नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि बागेत बसून यायचो. चौथ्या का पाचव्या दिवशी आई म्हणाल्या, "जावईबापू, मेकअप न करता शूटिंग करता का हल्ली? कॉलर स्वच्छ येतेय." मग सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, चालतं काम सोडलं म्हणून. त्यांनी पेपर पुढे केला. तुझ्या गावच्या रेडिओ केंद्रावर बातम्या आणि श्रुतिका वाचायला माणूस पाहिजे, अशी जाहिरात होती. ती त्यांनी आधीच कापून ठेवली होती. "आवाज बरा आहे तुमचा," म्हणाल्या. "चेहरा कुठे दिसायला हवा?"

मी अर्ज केला. परवा आवाजाची परीक्षा फोनवर झाली. त्यांनी घेतलं आहे. पगार इथल्यापुढे काहीच नाही. तिथे माझं तोंड कुणी बघणार नाही, त्यामुळे नाडीही कुणी दाखवणार नाही.

हे सगळं तुला न विचारता केलं, असं तुला वाटेल. नोकरी मला कुठेतरी लागणारच होती, ती तुझ्या गावात शोधली एवढंच. तुझ्या घरात राहायचं की नाही, हे तू ठरव. रेडिओ केंद्राजवळ खोल्या मिळतात असं कळलंय, आई आणि मी तिथेही राहू. आई म्हणतात, त्यांची खोली आता जिथे मी तिथे, हे ऐकून तुला हसू येईल असं वाटतं.

तुला परत आणायला येत नाहीये. मला यायचंय म्हणून येतोय. तू नको म्हणालीस तरी समजेन, पण मला ते आवडणार नाही, आणि ते न आवडणं या वेळी लपवणार नाही.

तुझा,
नट


२ मे

प्रिय नट,

तुझी सगळी पत्रं ड्यूटीच्या खोलीत लॉकरमध्ये आहेत. तिथली सिस्टर एकदा म्हणाली, "मॅडम, औषधं ठेवायला जागा करा." उत्तर दिलं नाही कारण मला ऑपरेशनच्या नोंदीखेरीज काही लिहिता येत नाही. हे पण तसंच होईल.

तू विचारलं होतंस, लोक तुला नाडी दाखवायचे याची मला गंमत वाटायची का. सुरुवातीला वाटायची. मग एकदा माझ्याच खात्याच्या समारंभात माझी ओळख "आपल्या लाडक्या डॉक्टरसाहेबांच्या सौभाग्यवती" अशी करून दिली. तू हसून हात जोडलेस. मीही जोडले. त्या दिवसापासून मला घरी आलं की तोच माणूस सोफ्यावर बसलेला दिसायचा. तो तुझ्या आवाजात बोलायचा, "दमलीस का?" विचारायचा, आणि मला वाटायचं, याच्या पुढच्या वाक्याला संगीत वाजणार. तुझ्यावर माझा राग नव्हता रे. त्याच्यावर होता. तुम्हाला दोघांना वेगळं करायला मला एवढ्या लांब यावं लागलं.

आता तू न लिहिलेलं एक सांगते. आईला जाळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात चहा घेऊन वर आले. तू बाकावर बसल्या बसल्या झोपला होतास, तोंड उघडं टाकून. एक बाई तुझ्याशेजारी वाकून फोनमध्ये फोटो काढत होती. तू अर्धवट जागा झालास, आणि तिच्याकडे न बघता हात आधी शर्टाच्या खिशावर ठेवलास, घट्ट. मला वाटलं पाकीट. मग तू आत गेलास आणि खिशातून रुमाल काढलास. रुमालात आईची कवळी होती. तू ती धुतलीस, पुसलीस आणि तिला दिलीस, तिनं पदराआड तोंड करून बसवली, आणि तू तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभा राहिलास.

मी दारातच उभी होते. चहा निवला. मास्कच्या वरून कुणी कुणाकडे कसं बघतं ते मला रोज दिसतं, त्यात काही नसतं, दिवे नीट आहेत की नाही एवढंच असतं. त्या दिवशी मी जशी तुझ्याकडे बघत होते तसं आमच्या कामात कुणी बघितलं तर पेशंट खरंच गार होईल.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. स्टेशनवर नोकरीचं सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं.

रेडिओ केंद्राजवळच्या खोल्या ओल्या आहेत, आईला चालणार नाहीत. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि लिफ्ट आहे. एक खोली आईची. दुसरीत माझी पुस्तकं पलंगावर आहेत, ती खाली ठेवायची. इथे तुला सगळे डॉक्टरीणबाईंचे मिस्टर म्हणतील, मुद्दाम नाही, त्यांना दुसरं काही माहीतच नाही म्हणून. कधी कधी बोचेल. बोचलं की सांग, हसून हात जोडू नकोस. मीही माझं सांगायला शिकते आहे, जड जातंय.

आईनं फोनवर सांगितलं, गुरुवारी तुमची गाडी सकाळी पोचते, पण मला घ्यायला येता येणार नाही. त्या दिवशी एक लहानसं बाळ आहे टेबलावर, आणि किती वेळ लागेल ते आत गेल्याशिवाय कळत नाही. किल्ली समोरच्या घरातल्या मावशींकडे ठेवली आहे. आईला आधी झोपव. तिच्या गोळ्या प्रवासात चुकवू नकोस. स्वयंपाकाला हवं ते सगळं घरात आहे, मीठ वरच्या फळीवर. मला उशीर झाला तर थांबू नका, जेवून घ्या.

फक्त दार आतून लावून घेऊ नकोस. या वेळी मला माझ्या किल्लीनं उघडायचंय, आणि आत कुणीतरी आहे हे बाहेरूनच ऐकू यायला हवंय.

तुझी,
डॉक्टर